उदगीरकर मॅडमची चार वर्तुळं

उदगीरकर मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका उभ्या अँब्युलन्सच्या मागच्या काचेवर, धुळीत बोटानं वर्तुळं काढत होत्या. एक माणसाचं, एक आरोग्याचं, एक परिसराचं आणि एक आमचं, म्हणजे नर्सचं. शेजारी अँब्युलन्सचा ड्रायव्हर मान हलवत ऐकत होता.

"तू पेशंटला घेऊन येतोस, मग तू कुठल्या गोलात?" मॅडमनी त्याला विचारलं.

त्यानं चारही गोल नीट पाहिले आणि म्हणाला, "मैं तो बाहर खड़ा हूं मॅडम."

पर्समधून वही काढून मॅडमनी त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, खाली त्याचं नाव लिहिलं, त्याला थँक्यू म्हटलं आणि कॉलेजच्या जिन्याकडे निघून गेल्या. ड्रायव्हर मला म्हणाला, "बड़ी मॅडम हैं. पर अच्छी हैं." त्यातला 'पर' मला पुढं दोन वर्षं समजत राहिला.

मी त्या दिवशी प्रवेशाचे कागद द्यायला आले होते. नऊ वर्षं आयसीयूत नोकरी केल्यावर मला पुढं शिकावंसं वाटलं होतं. नर्स प्रॅक्टिशनर असं त्या अभ्यासक्रमाचं नाव. तो पुरा केलेली नर्स नुसतं सांगितलेलं करत नाही. ती रुग्णाला तपासते, विचार करते, काही निर्णय स्वतः घेते. मला वाटलं होतं, आता मोठमोठी यंत्रं आणि नवी औषधं शिकायची. वेळापत्रकात पहिला तास निघाला 'सैद्धांतिक चौकटी'चा, आणि शिकवायला त्याच मॅडम.

"औषधं तुम्हाला कुणीही शिकवील," त्या फळ्याकडे तोंड करूनच बोलल्या. "कशाकडं बघायचं, ते मी शिकवते. चौकट नसली की काळजी होत नाही, नुसती पळापळ होते. हौ की नाही?"

आम्ही बारा जणी हौ म्हणालो. बाराजणींपैकी एकीलाही काही समजलं नव्हतं.

मॅडमच्या घरचे मूळचे उदगीरकडचे. तीन पिढ्यांपासून हैदराबादेत. त्यांच्या मराठीत 'नक्को', 'हौ' आणि हळूला 'हल्लू' असे शब्द साखरेसारखे विरघळलेले होते, आणि रागावल्या की त्या तेलुगूत जायच्या. वर्गात तेलुगू, कन्नड, मल्याळी सगळ्या मुली होत्या, त्यामुळं शिकवणं इंग्रजीत. पण मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी माझ्यापुरता वेगळा नियम काढला. "सरोज, तुझी आई आहे ना घरी? मग सिद्धान्त वाचलास की जाऊन आईला सांगायचा, मराठीत. आईला सांगता आला नाही तर तुला समजला नाही."

माझी आई अंबरपेठेतल्या आमच्या घरी मेथी निवडत बसली होती. मी तिला सांगितलं, एक सिद्धान्त असा आहे की माणसाला स्वतःचं जेवढं करता येतं तेवढं त्यालाच करू द्यायचं, जे जमत नाही तेवढंच नर्सनं करायचं.

आई म्हणाली, "तुझे बाबा अंथरुणावर होते तेव्हा मी पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात देत नव्हते. हाताशी ठेवत होते. तेच ना हे?"

दुसऱ्या दिवशी मी हे मॅडमना सांगितलं. त्यांनी मला ते वाक्य माझ्या निबंधात घालायला लावलं आणि शेवटी संदर्भांच्या यादीत, जाडजूड पुस्तकांच्या खाली, 'एक गृहिणी, अंबरपेठ' असं लिहायला लावलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हे कुठलं नियतकालिक म्हणून विचारलं, तेव्हा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, ते अजून छापून आलेलं नाही."

हा स्वतःचं स्वतः करण्याचा सिद्धान्त मॅडमच्या घरात पूर्ण अमलात होता. त्यांचं घर आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला बसवलं, पंखा लावला, आणि म्हणाल्या, "चहा करता येतो ना तुला?"

"येतो मॅडम."

"मग मी केला तर तुझं स्वातंत्र्य कमी होईल. गॅस तिकडं. साखर वरच्या फळीवर आहे, तिथं तुझा हात पोचणार नाही, ती मी काढून देते."

मी चहा केला. त्यांनी साखर काढून दिली. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा असाच चहा करून पीत असे, हे मला नंतर कळलं. पाहुणे फारसे येत नसत, तेही नंतर कळलं.

दुसरा एक सिद्धान्त सांगतो की नर्स नवखेपणापासून तरबेज होईपर्यंत पाच पायऱ्या चढते. मॅडमनी तो सगळ्या शहराला लावला होता. कुकटपल्लीला एका परिषदेला जाताना रिक्षावाल्यानं तीनदा रस्ता चुकवला, तर त्या मागून मायेनं म्हणाल्या, "तुम दूसरी सीढ़ी पे है बाबा. परेशान नक्को हो. होता." गल्लीत तयार भाज्या विकणाऱ्या करी पॉइंटवाल्या बाईंना त्यांनी एकदा पप्पू, म्हणजे डाळ, चाखून तिथल्या तिथं चौथी पायरी जाहीर केली. पाचवी का नाही म्हणून त्या बाई आठवडाभर रुसल्या होत्या. मला विचाराल तर मी आयसीयूत नऊ वर्षं काढून त्यांच्या लेखी तिसऱ्या पायरीवर होते. "तुला काय करायचं ते माहीत आहे," त्या म्हणायच्या. "कधी काही करायचं नाही, ते माहीत नाही."

आणि त्यांचं ते हरवणं. आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता आणि खिडकीबाहेर कडुनिंबाचा शेंडा यायचा. दुपारी अडीचच्या तासाला ऊन त्या पानांतून गाळून फळ्यावर यायचं, खडूनं काढलेली वर्तुळं त्यात हलल्यासारखी दिसायची. शिकवता शिकवता मॅडम मध्येच थांबायच्या आणि खिडकीबाहेर पाहत राहायच्या. एक मिनिट, दोन मिनिटं, कधी चार. आम्ही एकमेकींना 'मॅडम गेल्या' अशी खूण करायचो. पहिल्या महिन्यात आम्हाला हसू यायचं. मग आम्हीही बाहेर बघायला लागलो. खाली कुणी स्ट्रेचर ढकलत नेत असे, त्याची चाकं लांबून वाजत. कबुतरं छपरावरून उठून पुन्हा तिथंच बसत. मग मॅडम परत यायच्या आणि अर्धवट राहिलेला शब्द तिथूनच पुढं बोलायच्या, मध्ये काही झालंच नाही अशा.

दुसऱ्या वर्षी माझं काम पुन्हा आयसीयूत होतं, पण आता विद्यार्थिनी म्हणून. मला एक रुग्ण नेमून दिला होता. बेगम बाजारात मिरचीचा घाऊक व्यापार करणारे एक शेटजी. वय सत्तरच्या पुढं. न्यूमोनियातून बरे झाले होते, पण व्हेंटिलेटर सुटत नव्हता. गळ्याला छेद देऊन नळी बसवलेली, त्यामुळं बोलता येत नव्हतं. रोज सकाळी यंत्राचा आधार थोडा कमी करायचा, त्यांना स्वतः श्वास घेऊ द्यायचा. रोज दहा मिनिटांत त्यांना घाम फुटायचा, श्वास धापेवर जायचा, डोळे इकडं तिकडं भिरभिरायचे, की पुन्हा यंत्र. फुफ्फुसं ठीक होती, रक्ताचे रिपोर्ट ठीक होते. मी बारा पानांची योजना लिहिली. आहार, व्यायाम, औषधांच्या वेळा, सगळं. अठरा दिवस झाले तरी शेटजी तिथंच.

त्यांची बायको रोज चार वाजता यायची आणि मला एकच विचारायची, "आज भी नै हुआ बेटा?" तिला उत्तर देणं मला दिवसेंदिवस जड जायला लागलं होतं. असे महिनोन् महिने यंत्रावर राहिलेल्यांचं शेवटी काय होतं, ते मी नऊ वर्षांत पाहिलं होतं.

मी मॅडमना बोलावलं. त्यांनी माझी बारा पानं उभ्यानंच वाचली आणि परत दिली. "हे सगळं बरोबर आहे," म्हणाल्या. "यात शेटजी कुठं आहेत?"

मग त्या स्टूल घेऊन शेटजींच्या पलंगाशी बसल्या आणि चाळीस मिनिटं काहीही केलं नाही. आयसीयूमध्ये दिवस की रात्र कळत नाही, सगळा वेळ एकच पांढरा उजेड असतो. त्या उजेडात मॅडम आणि शेटजी दोघंही छताकडं बघत होते. मग मॅडम उठल्या आणि वाकून त्यांनी आपला गाल शेटजींच्या उशीला टेकवला. वॉर्डाच्या सिस्टर धावत आल्या. त्यांना वाटलं मॅडमना चक्कर आली.

"चक्कर नाही," मॅडम तशाच वाकलेल्या अवस्थेत म्हणाल्या. "यांना काय दिसतं ते बघते आहे. खांब दिसतो. पडदा दिसतो. पावलं ऐकू येतात, पण आलं कोण ते दिसत नाही."

शेटजींचा पलंग कोपऱ्यात, एका जाड खांबाच्या आड होता. वॉर्डाचं दार त्यांच्या डाव्या खांद्याच्या मागं होतं.

चार वाजता शेटजींची बायको आली. मॅडमनी तिला विचारलं, "शेटजी दुकान में किधर बैठते?"

"गद्दी पे," ती म्हणाली. "दरवाज़े के सामने. चालीस साल से. दरवाज़े को पीठ देके तो ये घर में भी खाना नै खाते."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. समोरच्या रांगेतला एक पलंग सकाळीच रिकामा झाला होता आणि तिथून दार सरळ समोर दिसत होतं. पण यंत्रासकट रुग्ण हलवायचा म्हणजे चार माणसं, ऑक्सिजनचं सिलिंडर आणि धोका. परवानगी डॉक्टरांची. ती मीच मागायची होती. मॅडम मुद्दाम बाहेर जाऊन बसल्या.

डॉक्टर म्हणाले, "व्ह्यूसाठी शिफ्ट करायचं? हॉटेल आहे का हे, सिस्टर?"

एरवी मी सॉरी सर म्हणून परत आले असते. पण त्या दिवशी मी म्हटलं, "सर, अठरा दिवस आपण त्यांची फुफ्फुसं बघतो आहोत. ते घाबरतात, आणि कशाला घाबरतात ते आपण बघितलेलं नाही. काही बिघडलं तर मी लिहून देते की सांगणारी मी होते." डॉक्टरांनी त्या रिकाम्या पलंगाकडं पाहिलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी. मी उभा राहीन."

दुसऱ्या दिवशी शेटजींना दारासमोर नेलं. यंत्राचा आधार कमी केला. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. दार उघडलं, लॅबचा माणूस आला. शेटजींचे डोळे त्याच्यावर गेले, तो टेबलापर्यंत पोचेस्तोवर त्याच्यासोबत चालले आणि परत दारावर येऊन थांबले. श्वास वाढला नाही. त्या दिवशी ते चाळीस मिनिटं स्वतःच्या श्वासावर राहिले. चार वाजता त्यांच्या बायकोला हे सांगितलं, तेव्हा तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. अकराव्या दिवशी यंत्र सुटलं.

मी धावत मॅडमकडं गेले. त्यांनी माझा उत्साह तिथंच खाली ठेवायला लावला. "एकावरून काही सिद्ध होत नाही सरोज. फुफ्फुसं तशीही सुधारली असतील. हल्लू."

पण त्या अकरा दिवसांत रोज दुपारी मॅडम आयसीयूत यायच्या. दारातून आत यायच्या, शेटजींना नमस्कार करायच्या, फाइल बघितल्यासारखं करायच्या आणि बाहेर जायच्या. पाच मिनिटांनी पुन्हा आत. पुन्हा नमस्कार. वॉर्डाच्या सिस्टरना वाटायचं मॅडम काहीतरी विसरतात. मला समजायला तीन दिवस लागले. शेटजींच्या दुकानात गिऱ्हाईक यायला हवं, म्हणून त्या येत होत्या. चौथ्या दिवसापासून शेटजी त्यांना हात उचलून 'या' म्हणायला लागले.

मी पास झाले आणि त्याच हॉस्पिटलात लागले. मॅडम शिकवत राहिल्या. यंदाच्या संक्रांतीला कॉलेजच्या जिन्यावरून उतरताना त्या आकाशातले पतंग बघत होत्या. शेवटच्या तीन पायऱ्या त्यांच्या लक्षात राहिल्या नाहीत. खुब्याचं हाड मोडलं.

त्यांना आमच्याकडं आणलं तेव्हा मी ड्यूटीवर होते. शस्त्रक्रियेआधीचा फॉर्म भरायचा होता. नोंदणीच्या खिडकीतल्या माणसानं मला हाक मारली, "सिस्टर, देखो ना. मॅडम क्या लिखे."

जवळचा नातेवाईक, या रकान्यात मॅडमनी माझं नाव लिहिलं होतं. नातं, या रकान्यात लिहिलं होतं: विद्यार्थिनी.

"ये रिश्ता सिस्टम में नै है," तो हताश होऊन म्हणाला. "बेटी है, बहू है, बहन है, भांजी है. इस में से कुछ बोलो."

मी स्ट्रेचरजवळ गेले. "मॅडम, भाची लिहू?"

"नक्को," वेदनेनं डोळे मिटलेले असताना त्या म्हणाल्या. "फॉर्ममध्ये खोटं लिहायचं नसतं."

"मग घरचं कुणी? भाऊ? चुलतभाऊ?"

त्यांनी डोळे उघडले. छताकडं पाहत राहिल्या, वर्गात खिडकीबाहेर पाहायच्या तशा. मी थांबले. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "तीन गल्ल्या सोडून राहतेस. तूच जवळची आहेस." मी खिडकीशी परत गेले आणि त्या माणसाला 'इतर' हा पर्याय शोधायला लावला. तो यादीत सगळ्यात खाली निघाला.

शस्त्रक्रिया चांगली झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले. भेटायची वेळ होती, बाकीच्या खोल्यांतून बोलण्याचे, डबे उघडण्याचे आवाज येत होते. मॅडमच्या खोलीत ऊन तेवढं आलं होतं. त्या टेकून बसल्या होत्या. तीन दिवसांत त्यांच्या केसांचा गुंता झाला होता. पांढरे, लांब केस. एवढे लांब असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. माझी ड्यूटी संपली होती. मी कंगवा काढला.

"राहू दे. स्टाफला वेळ नसतो," त्या म्हणाल्या, जरा तुटकच.

"मी आता स्टाफ नाही मॅडम. माझी सुटी झाली."

मी मागं बसले आणि खालच्या टोकापासून गुंता सोडवायला लागले. मग त्या बोलायला लागल्या, समोरच्या भिंतीशी बोलल्यासारख्या.

"मी बावीस वर्षांची होते. पहिली नोकरी. बायकांच्या वॉर्डात एक मुलगी होती, नवीन लग्न झालेली. हृदयाचा आजार. तिचं सगळं केलं मी. इंजेक्शन, स्पंज, चार्ट. निघाले तर म्हणाली, सिस्टर, वेणी घालून देता का? मी म्हटलं, येते. दुसऱ्या पलंगावर गेले, मग तिसऱ्या. परत आले तेव्हा ती राहिली नव्हती."

कंगवा माझ्या हातात थांबला होता.

"विंचरत राहा, दुखत नाही," त्या म्हणाल्या. "मला कुणी काही बोललं नाही ग. बोलणार काय? चार्टमध्ये एक चूक नव्हती. वेणी कुठल्या रकान्यात लिहायची असते? तेवढंच शोधायला मी पुढं शिकत गेले. एवढी पुस्तकं, एवढे सिद्धान्त. कुणीतरी त्याला जागा ठेवली असेल म्हणून."

"मिळाली?"

"थोडी थोडी. प्रत्येकात थोडी."

मी केसांचे तीन भाग केले आणि वेणी घालत खाली आले. मॅडमची मान हळूहळू सैल झाली. शेवटाला आले तर बांधायला काही नव्हतं. माझ्या केसांतला रबर काढेपर्यंत वेणी सुटली असती, म्हणून मी ट्रेमधली गॉजची पट्टी फाडली आणि तिनं गाठ मारली, लहान मुलीच्या रिबिनीसारखी. त्यांना सांगायला वाकून पाहिलं, तर त्या झोपल्या होत्या.

त्यानंतर चार दिवस त्या हॉस्पिटलातच होत्या. सकाळच्या नर्सनं रोज विचारलं, मॅडम, केस विंचरून देऊ? त्यांनी रोज वेणीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "असू दे." आई आणि मी त्यांना आमच्या घरी न्यायला गेलो, तेव्हा त्या खुर्चीत तयार बसल्या होत्या. वेणी पुढं, खांद्यावर घेतलेली. पट्टी मळली होती, तिचे दोरे सुटायला लागले होते. आईनं ते पाहिलं, पट्टी सोडायला हात पुढं केला आणि माझ्याकडं पाहिलं. मी तिला मानेनंच 'नको' म्हटलं.